चप्पल दाराबाहेर काढल्यावर

आमच्या फिजिओथेरपीच्या इंटर्न मुलांना पहिल्यांदा पेशंटच्या घरी घेऊन जाते तेव्हा जिन्यापाशी थांबवून एवढंच सांगते, पायऱ्या मोजत या. त्या दिवशी पुण्यात नारायण पेठेतला जुना वाडा होता, लाकडी जिना, अरुंद आणि उभा, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला धरायला लोंबता दोर. १९ पायऱ्या. वर पोचल्यावर २२ वर्षांची धडधाकट मुलगी मला म्हणते, मॅडम, धाप लागली. म्हटलं आता आत ज्या आजी बसल्यात त्यांचा विचार कर, त्यांचा एफईव्ही-वन, म्हणजे जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, हवी त्याच्या ३८ टक्केच आहे. ओपीडीच्या पेपरवर आजींबद्दल लिहिलं होतं, 'आधाराशिवाय चालतात'. आणि ते खोटं नव्हतंच, चालत होत्याच की त्या, खोलीतून मोरीपर्यंत आणि मोरीतून परत खोलीत. ८ महिन्यांत जिना उतरल्या नव्हत्या. हे कुणी लिहिलं नव्हतं कारण कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं नव्हतं कारण ओपीडीत बसून जिना दिसत नाही.

मी फिजिओथेरपी शिकवते, हृदय आणि फुप्फुसांची. १७ वर्षं झाली. गेली काही वर्षं मी आणि नर्सिंग शिकवणारी माझी एक मैत्रीण मिळून मुलांना घरोघरी नेतो, एक फिजिओचा इंटर्न आणि एक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचं पोर अशी जोडी. पेशंट कोण, तर सीओपीडीवाले, म्हणजे ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्यात असे, टीबी बरा झाला पण फुप्फुस कायमचं खराब राहिलं असे, आणि कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसाला सूज येऊन ती कडक होत गेलेले. या मुलांचा बीपीटीचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, कोर्स साडेचार वर्षांचा, त्यातले शेवटचे ६ महिने इंटर्नशिप. इतक्या वर्षांत मुलं फुप्फुसाचा भाग न् भाग पाठ करतात, कुठला कफ काढायला पेशंटला कसं झोपवायचं ते झोपेतसुद्धा सांगतील, पण दुसऱ्याच्या घरात जाऊन कसं बसायचं, कुठे बघायचं, कधी गप्प राहायचं हे कुठल्याच वर्षाला नाही.

वॉर्डात सगळं आपल्या बाजूने असतं. ऑक्सिजन भिंतीतून येतो, हँडल फिरवलं की पलंगाचं डोकं वर होतं, काही बिघडलं तर सिस्टर हाकेच्या अंतरावर. आणि मुख्य म्हणजे पेशंट आडवा असतो आणि आपण उभे असतो. घरी दारात चप्पल काढली की हे सगळं उलटं होतं. कुठे बसायचं ते काकू सांगतात. टीव्ही चालू असतो, शेजारच्या येऊन डोकावून जातात, आधी पाणी येतं मग चहा येतो आणि पोरं माझ्याकडे बघतात, घ्यायचा का नाही. मी म्हणते घ्या, आणि घेताना बघा, काकू ओट्यापासून इथपर्यंत येताना मध्ये दाराची चौकट धरून थांबल्या का, ट्रे ठेवल्यावर बोलायच्या आधी किती श्वास घेतले. सहा मिनिटं चालायची टेस्ट घ्यायला ३० मीटरचा कॉरिडॉर लागतो, वन रूम किचनमध्ये तो कुठून आणणार, म्हणून घरी आम्ही १ मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजतो. तीही खुर्ची प्लास्टिकची असली तर फरशीवर सरकते, भिंतीला टेकवून ठेवावी लागते. असल्या गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात आणि घरी मात्र त्याच्यावाचून कुणीतरी पडतं.

मला स्वतःला हे कसं कळलं ते सांगते, आणि मुलांनाही दरवर्षी पहिल्याच दिवशी हेच सांगते. मी इंटर्न होते. एका काकांना कोरड्या पावडरीच्या कॅप्सूल दिल्या होत्या, त्या छोट्या डिव्हाइसमध्ये घालायच्या, फिरवून उघडायच्या आणि जोरात श्वास आत ओढायचा. मी सगळं नीट दाखवलं, दोनदा दाखवलं. समजलं ना काका? हो समजलं की बाळ. दोन महिन्यांनी परत आले ते आधीपेक्षा खराब होऊन, डोस वाढवला गेला. आमच्याच भागात राहायचे, म्हणून एकदा रिपोर्ट द्यायला मी घरी गेले, तर जेवण झाल्यावर काकूंनी तांब्या-भांडं आणि कॅप्सूलचं पाकीट आणून ठेवलं आणि काकांनी माझ्यासमोर ती पाण्याबरोबर गिळली. दोन महिने सकाळ-संध्याकाळ गिळत होते. डिव्हाइस शोकेसमध्ये, खोक्यासकट, खराब होऊ नये म्हणून. त्यांचं काय चुकलं? कॅप्सूल गिळायची असते हे त्यांना जन्मभर प्रत्येक डॉक्टरने सांगितलं होतं. चूक माझी होती, मी दाखवलं पण 'आता तुम्ही करून दाखवा' असं म्हटलं नाही. मला आजही ते शोकेस आठवतं, काचेचं, आत बाहुल्या आणि ते खोकं.

म्हणून आमच्या व्हिजिटमध्ये पहिली १५-२० मिनिटं मुलांनी काहीही शिकवायचं नाही. काका, रोज औषध कसं घेता ते दाखवा ना. बस. मग दिसतं सगळं. पंप हलवलाच नाही, पंप दाबला आणि श्वास नंतर घेतला, तोंड उघडं पण श्वास नाकाने, औषध घेऊन लगेच बोलायला सुरुवात, १० सेकंद थांबायचं राहिलंच. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर गुळणी करून थुंकायचं असतं नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, ते कुणी सांगितलेलंच नसतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं, स्वच्छ करायचा म्हणून काकू पदराने घासूनपुसून लख्ख करतात, आणि घासल्यामुळे प्लास्टिकला चार्ज येतो मग औषध आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं. साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा, तसाच वाळू द्यायचा, पुसायचा नाही. एवढं सांगायला मिनिटभर लागतं, पण पुसताना बघितल्याशिवाय सांगायचं सुचतच नाही.

नंतर घर वाचायला शिकवते. वाचायला म्हणजे खरंच वाचायला, धूर कुठून येतो, वारा कुठून येतो, प्लग पॉइंट कुठे आहे, ऑक्सिजनच्या नळीत पाय अडकेल का. कोपऱ्यात मच्छरची कॉइल जळत असते आणि दारं बंद. दिवाळीच्या आधीच्या व्हिजिटला फटाक्यांचं विचारायचंच, आणि नुसतं मोठ्या आवाजाच्या फटाक्यांचं नाही. इथल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला होता, त्यात सगळ्यात जास्त पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण, निघाले ते नागगोळीतून. आवाज नाही, आग नाही, म्हणून ज्या गोळीला आपण निरुपद्रवी समजून नातवाला आजोबांच्या खुर्चीशेजारी पेटवू देतो तीच. ही गोष्ट ऐकून एका आजोबांच्या सूनबाईंनी डब्यातल्या सगळ्या नागगोळ्या पाण्यात टाकल्या, नातू तासभर रडला, पण टाकल्या.

सगळ्यात अवघड जागा देवघर. सहकारनगरात एक काका आहेत, नाकात नळी लावून पूजेला बसायचे आणि निरांजन हातभर अंतरावर. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण दुसऱ्याला पेटायला भरपूर मदत करतो, कपड्यांत-केसांत तो साठून राहतो, म्हणून उघड्या ज्योतीपासून किमान १० फूट लांब हा नियम. माझा इंटर्न घाबरून म्हणाला, काका, दिवा लावू नका. घरात एकदम शांतता. काकू आत निघून गेल्या. त्याचं बरोबर होतं आणि तरी त्या घरातली व्हिजिट तिथेच संपल्यासारखी झाली. मी त्याला नंतर रागावले नाही, पुढच्या आठवड्यात परत तिथेच पाठवलं, म्हटलं आता विचार, पूजेत काकांना काय स्वतः करावंसं वाटतं. काका म्हणाले, दिवा कुणीही लावला तरी चालेल रे, स्तोत्र मला म्हणायचं असतं. आता नातू निरांजन लावतो आणि काका पलीकडच्या खोलीच्या दाराशी, टेपने १० फूट मोजून ठेवलेल्या खुर्चीत, नळीसकट बसून म्हणतात. आणि माझ्या त्या इंटर्नने काय केलं तर एका श्वासात किती शब्द होतात ते मोजायला लागला. पहिल्या आठवड्यात चार. दीड महिन्याने सात. ही टेस्ट मी त्याला शिकवली नव्हती, त्याने ती मला शिकवली.

ऑक्सिजनबद्दल मुलांना दोन गोष्टी मी नेहमी जोडीने सांगते. एक, १९८१ ची ब्रिटनमधली ट्रायल. रक्तातला ऑक्सिजन कायम कमी असलेले सीओपीडीचे पेशंट, काहींना घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन दिला. ५ वर्षांत त्यातल्या ४२ पैकी १९ गेले, ज्यांना दिला नव्हता त्यांच्यातले ४५ पैकी ३०. म्हणजे तास महत्त्वाचे, दम लागला की दहा मिनिटं लावला असं चालत नाही. दुसरी २०१० ची, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामधली. ४०५ पेशंट, ॲम्ब्युलन्समध्येच काहींना भरपूर ऑक्सिजन दिला आणि काहींना सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवर दिसणारी रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८८ ते ९२ मध्ये राहील असा मोजून. मोजून दिला त्यांच्यात मृत्यू निम्म्याहून कमी. म्हणजे कमी पडला तरी माणूस जातो आणि जास्त झाला तरी जातो. ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला डोस असतो.

आता हे दोन्ही पुण्यातल्या घरात कसं दिसतं बघा. धनकवडीत एक काका, वहीत रोजचे १५ तास लिहिलेले, सुंदर अक्षरात. आमच्या नर्सिंगच्या मुलाने कॉन्सन्ट्रेटरच्या, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या मशीनच्या, मागचं तासांचं मीटर बघितलं, महिन्यात ४५० व्हायला हवेत तिथे १७० झालेले. त्याने काकांना खोटं पाडलं नाही, ते मला फार आवडलं. नुसता बसला शेजारी आणि म्हणाला, काका, लाइट बिल किती येतं हो हल्ली? मग सगळं बाहेर आलं. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, १५ तासांचे पाचाच्या वर युनिट, महिन्याचे दीडशेच्या पुढे. मुलगा रिक्षा चालवतो, बिल तो भरतो, म्हणून तो बाहेर पडला की बाप मशीन बंद करून खिडकीशी बसतो. यावर माझ्याकडे औषध नाही, अजूनही नाही. डॉक्टरांशी बोललो, निदान रात्रभर आणि आंघोळ-जेवणाच्या वेळी तरी मशीन बंद करायचं नाही असं ठरवलं, मुलाला बापासमोर बसवून सगळं सांगितलं, मुलगा रडला. आता मीटर ३०० च्या आसपास दिसतं. पूर्ण नाही झालं.

आणि गुरुवार! गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि बऱ्याच भागात पाणीही नसतं, हे पुण्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरगावहून आलेल्या मुलांना माहीत नसतं. म्हणून आमच्या फॉर्ममध्ये मी एक प्रश्न हाताने वाढवलाय, तुमच्याकडे गुरुवारी लाइट कधी जाते, आणि सिलिंडर भरलेला आहे का. नुसता 'आहे का' नाही, भरलेला आहे का, आणि उघडायची चावी कुठे आहे, आणि ती सगळ्यांना माहीत आहे का. एका घरात चावी लग्नाच्या अल्बमच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली ऑफिसला गेलेल्या सूनबाईंच्या पर्समध्ये.

दुसऱ्या बाजूची गोष्ट कोथरूडची. तिथले आजोबा निवृत्त शिक्षक, माझ्या इंटर्न मुलीचं मराठी सुधारायचे, ती 'माझी मदत कर' म्हणाली की 'मला मदत कर' असं लगेच. एका सकाळी ती पोचली तर आजोबा डुलक्या घेत होते, डोकं दुखतंय म्हणाले, आणि ती मुद्दाम चुकीचं बोलली तरी त्यांनी दुरुस्त केलं नाही. सॅच्युरेशन ९८. घरचे खूश, बघ किती छान आलंय. डॉक्टरांनी १ लिटर सांगितला होता, मशीनवर ४ होता. नातवाने वाढवलेला, प्रेमाने वाढवलेला. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये या शहराने रात्र रात्र जागून ऑक्सिमीटरकडे बघितलंय, ९४ च्या खाली म्हणजे संकट हे प्रत्येकाच्या अंगात बसलंय, मग स्क्रीनवर ९० बघून कोण शांत बसेल? पण आजोबांसारख्या पेशंटला ८८ ते ९२ हेच पुरेसं असतं, त्यावर गेलं की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठायला लागू शकतो. परीक्षेत मुलं याचं कारण 'हायपॉक्सिक ड्राइव्ह', म्हणजे ऑक्सिजन कमी असल्यामुळे श्वासाला मिळणारा रेटा, असं एका ओळीत लिहून मोकळी होतात, खरं तर फुप्फुसात हवा कुठे जाते आणि रक्त कुठे जातं हा मेळ बिघडणं हा त्यातला मोठा भाग, पण ते राहू दे. तिने मनाने काही केलं नाही, डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्याने फ्लो हळूहळू खाली आणला, दुसऱ्या फोनवर १०८. दोन रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, लागला, आजोबा घरी आले. आता मशीनवर तिच्या हातचा कागद चिकटवलेला आहे, स्केचपेनने, '८८ ते ९२ बास. जास्त नको.' आजोबांनी 'बास' खोडून 'पुरे' केलंय.

मी तिला विचारलं तुला कळलं कसं, तर म्हणाली मॅडम, ते मला ओरडले नाहीत ना. हे मी कुठल्या सिलॅबसमध्ये घालू?

भाषेचंही आहे. मुलं इंग्रजीत शिकतात आणि पेशंट म्हणतो दम भरतो, छाती भरून येते, जीव घाबरा होतो, कफ सुटत नाही. या चारही तक्रारी वेगळ्या आहेत आणि मुलं चारही 'ब्रेथलेसनेस' म्हणून लिहून टाकतात. व्यायामांची नावं तर मी बदलूनच टाकलीत. ओठ आवळून श्वास सोडायचा, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ, हे सांगायला बशीतल्या चहावर फुंकर मारतो ना तशी, चहा सांडायचा नाही. कफ वर आणायला खोकण्याऐवजी चष्म्याच्या काचेवर वाफ आणतो तसा 'हा' करा, पोटातून. चष्मा सगळ्या आजोबांकडे असतोच, लगेच काढून करून बघतात.

ताडीवाला रोडला एक घर आहे, तिथे मी मुलांना शिकवायला नाही, शिकायला पाठवते. गळ्यात ट्यूब असलेला तिशीतला मुलगा आणि त्याची आई, शाळा सातवीपर्यंत. सक्शन, म्हणजे त्या ट्यूबमधून बारीक नळीने कफ ओढून काढणं, ती माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा चांगलं करते. नळी आत घालताना सक्शन बंद, बाहेर काढतानाच चालू, १०-१५ सेकंदांच्या वर नाही. तिने घड्याळ लावलेलं नाही, ती स्वतःचा श्वास रोखून धरते, आपला जीव कासावीस झाला की त्याचाही झाला, बाहेर काढ. हे तिला कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाली कुणी नाही, लेकाच्या तोंडाकडे बघून कळतं. पुस्तकात ही युक्ती आहे. तिला पुस्तक माहीत नाही. रात्री दोन वेळा उठते, ५ वर्षं झाली. एकदा माझी मैत्रीण तिला म्हणाली, ताई, आज दुपारी आमची मुलं इथे बसतील, तुम्ही झोपा. ती तीन तास झोपली, आणि माझ्या मते त्या दिवशी त्या मुलांनी दिलेली तीच सगळ्यात चांगली ट्रीटमेंट होती.

नारायण पेठेतल्या आजींकडे परत येते. १९ पायऱ्यांच्या. त्या मुलीला मी सांगितलं होतं की आजींना विचार, तुम्हाला काय करता यायला हवंय. आमचं सगळ्यांचं गृहीत धरलेलं उत्तर होतं जिना, खाली उतरणं. आजी म्हणाल्या, जिन्याचं जाऊ दे गं, मला दारात रांगोळी काढायचीय. सून कामावर जाते, ती स्टिकर लावून मोकळी झालीय.

रांगोळी म्हणजे उकिडवं बसणं, पुढे वाकणं, पोट छातीखाली दाबलं जाऊन श्वासाच्या पडद्याला जागाच उरत नाही, वर हात पुढे धरून ठेवायचे, आणि रांगोळीची पूड म्हणजे बारीक दगडाची धूळ. शक्य तितक्या सगळ्या गोष्टी चुकीच्या. माझ्या तोंडावर आलं होतं, आजी हे नको. पण ती मुलगी कामाला लागली. आधी कपडे काठीने वरच्या दांडीवर टाकायचं बंद केलं, खाली दोरी बांधली, म्हणजे हात वर करून जो दम जातो तो वाचला. आंघोळीला स्टूल, बादलीऐवजी छोटा टब. वाचलेला दम रांगोळीसाठी. मग बुटका पाट नाही, मोड्याएवढं स्टूल, पाय फाकवून बसायचं म्हणजे वाकताना पोट दोन पायांच्या मध्ये जातं, वाकताना फुंकर, सरळ होताना श्वास. पुडीऐवजी तांदळाच्या पिठाची ओली, बोटाने काढायची. आजी यावर रुसल्या, ओली ती काय रांगोळी. मग दोन दिवसांनी फोन आला, माझी आई चौक घालायची तेव्हा ओलंच घालायची, आत्ता आठवलं.

गेल्या मंगळवारी आम्ही दोघी गेलो. दारात चार ठिपक्यांची छोटी रांगोळी, एक बाजू पूर्ण आणि एक बाजू नुसतेच ठिपके. आजी स्टुलावर बसलेल्या, फुंकर चालू, बोटं पिठाने पांढरी. मुलीने चप्पल काढली ती रांगोळीपासून लांब, जिन्याच्या कठड्याला लावून, आणि बसल्या बसल्या ऑक्सिमीटर काढला. आजींनी दोन श्वास घेतले, मग म्हणाल्या, थांब, हे बोट ओलं आहे. आणि तू बाहेरून आलीस, आधी हात धू.

ती उठली आणि मोरीकडे गेली. मोरी कुठे आहे हे तिने विचारलं नाही.